साडेचारशे पट लहान गाडी आणि माझी मागची खोली

ती. वन्सं यांना,

साष्टांग नमस्कार. (हा मनातूनच स्वीकारावा. प्रत्यक्ष घालायचा तर पाच-सव्वापाच फूट मोकळी जमीन लागते आणि ती आमच्या घरात सध्या शिल्लक नाही. का नाही, ते सांगण्यासाठीच हे पत्र.) तुमचे गुडघे काय म्हणतात? मागे फोनवर बोललो तेव्हा जिना चढताना उजवा कुरकुरत होता आणि उतरताना डावा. दोघांनी काम वाटून तरी घेतलंय, आमच्या घरात तेवढीही समजूत नाही. तुमच्या मिस्टरांचा खोकला आता थांबला असेल. आम्ही दोघं ठीक आहोत. म्हणजे मी ठीक आहे आणि तुमचे बंधू आनंदात आहेत, पण ते जितके जास्त आनंदात असतात तितकी मी कमी ठीक असते, हे त्यांची थोरली बहीण म्हणून तुम्हाला वेगळं सांगायला नको.

विषय माझ्या मागच्या खोलीचा आहे. तुम्ही ती पाहिली आहे. खिडकीखाली माझं शिलाईचं मशीन, मधे कापड बेतायचं टेबल, दाराशी उभा आरसा. बावीस वर्षं त्या खोलीत बसून मी शाळांचे गणवेश शिवले, फ्रॉक शिवले, ऑफिसात जाणाऱ्या बायकांचे कोट शिवले. तुमचे बंधू नकाशाच्या कचेरीतून निवृत्त झाले त्या आठवड्यात त्यांनी मला त्या खोलीचा एक कोपरा मागितला. फक्त कोपरा, आणि तोही टेबलाखालचा. मी दिला. (चूक पहिली. पुढे मी मोजणं सोडून दिलं.) आज मशीन बाहेर पॅसेजमध्ये, चपलांच्या कपाटाला टेकून उभं आहे. कारण काय, तर मशीन चालू झालं की खोलीत कंप होतात आणि गाडी रुळावरून घसरते. मी म्हटलं, मशीन आधी आलं, गाडी नंतर. त्यावर हे शांतपणे म्हणाले की रेल्वे नेहमी नंतरच येते आणि तिच्यासाठी जमीन नेहमी दुसऱ्याचीच घ्यावी लागते. चौतीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाशी या विषयावर वाद घालू नये. आता माझी गिऱ्हाइकं पॅसेजमध्ये उभी राहून कपडे घालून बघतात. बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेल्या एक बाई आहेत, त्या एक हात बाहीत आणि एक हात भिंतीवर अशा उभ्या असताना शेजारचे काका आमच्याकडे वर्तमानपत्र परत करायला आले. बाईंनी त्यानंतर कोटाला आतून आणखी एक बटण लावायला सांगितलं.

तुम्ही म्हणाल, खेळण्यातली गाडी ती केवढी, तिला घर कशाला लागतं. माझीही हीच समजूत होती. पहिली गाडी खऱ्यापेक्षा सत्त्याऐंशी पट लहान होती. डबा वितीपेक्षा थोडा कमी, चांगला दिसणारा, हाताला लागणारा. जेवणाच्या टेबलावर ती गोल फिरायची, आम्ही ताटं मधे घेऊन जेवायचो, कोणाचं काही बिघडत नव्हतं. पण तुमच्या बंधूंनी जन्मभर नकाशे काढले. नकाशात अंतर खोटं दाखवणाऱ्या माणसाला ते दरोडेखोराच्या खालोखाल समजतात. जगातले बाकीचे गाडीवाले काय करतात, तर गाडी लहान करतात आणि अंतर त्याहून कितीतरी लहान करतात. म्हणजे खरं स्टेशन सात किलोमीटरवर असेल तर घरात ते हातभर अंतरावर ठेवतात आणि टाळ्या घेतात. यांना ती चोरी वाटते. यांना तुमच्या लहानपणचा तो फाट्याचा मार्ग हवा होता, ज्याने तुम्ही दोघं शाळेला जायचात, तो छत्तीस किलोमीटरचा, आता बंद पडलेला, रूळसुद्धा उचलून नेलेला. आणि तो इमानदारीने हवा होता. सत्त्याऐंशीच्या मापात इमानदारी चारशे चौदा मीटर निघाली. हे टेप घेऊन खाली उतरले आणि मोजत मोजत कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाच्याही पुढे गेले. परत आले ते टेप गुंडाळत.

मग गाड्या लहान व्हायला लागल्या. एकशेसाठ पट, मग दोनशेवीस पट. दर वेळी मला सांगण्यात आलं की गाडी लहान झाली की जागा कमी लागेल आणि कोपरा परत मिळेल. शाळेत गणित बरं असलेली कोणतीही बाई यावर विश्वास ठेवील, मीही ठेवला. कुठे फसले ते आता ऐका. गाडी मोठी होती तोवर इमानदारी परवडत नव्हती, म्हणून ती बिचारी टेबलावर गप बसून होती. ज्या दिवशी साडेचारशे पट लहान गाडी घरात आली, त्या दिवशी छत्तीस किलोमीटरचे ऐंशी मीटर झाले, आणि ऐंशी मीटर आमच्या घरात मावतात, फक्त एकही खोली सोडायची नाही. गाडीचा डबा काडेपेटीतल्या काडीएवढा झाला आणि रेल्वेने सगळं घर व्यापलं. गुडघ्याच्या उंचीवर एक लाकडी पट्टी भिंतीला धरून मागच्या खोलीतून निघते, पॅसेज, बाहेरची खोली, बाल्कनी, स्वयंपाकघर असं करत न्हाणीघरातून पुन्हा मागच्या खोलीत येते. न्हाणीघरातून का, असं मी विचारलं. तर मार्गावर एक बोगदा होता आणि खऱ्या अंतराने तो न्हाणीघराच्या भिंतीतच पडतो. भिंतीला भोक पाडलं. बोगदा दोन हात इकडे घेऊन पॅसेजमध्ये आणता आला नसता का, असं विचारल्यावर यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी डोंगर सरकवायला सांगितला.

गाडीचा वेगही इमानदार आहे. खरी गाडी छत्तीस किलोमीटरला एक तास बारा मिनिटं घ्यायची, तेव्हा हीही एक तास बारा मिनिटंच घेते. मिनिटाला एक मीटर आणि वर चार बोटं. न्हाणीघराच्या दाराला वेळापत्रक चिकटवलं आहे, गाडी आत असेल तेव्हा गरम पाणी सोडायचं नाही, कारण वाफेने रुळांवर दव धरतं. मागच्या महिन्यात डोक्याला साबण लावून मी सात मिनिटं एका स्टूलवर बसून होते. तुमचे बंधू दाराबाहेरून मला धीर देत होते की आता शेवटचा डबा.

हे सगळं मी का सोसलं, असा प्रश्न तुम्हाला पडेल. त्याला एक कागद कारणीभूत आहे. मशीन पॅसेजमध्ये हलवलं त्या दिवशी मी रडले होते (तुम्हाला तेव्हा सांगितलं नव्हतं, आज सांगते) आणि यांनी नकाशाच्या जाड कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून दिलं होतं, की गाडीने एकदा पूर्ण फेरी वेळेवर पार पाडली, मंडळाच्या लोकांनी ती पाहिली, की त्याच दिवशी रूळ उचलायचे आणि खोली माझी मला परत द्यायची. खाली सही, तारीख आणि उत्तर दिशा दाखवणारा बाण. (बाण सवयीने काढला असावा.) तेव्हापासून त्या एका वेळेवरच्या फेरीसाठी मी यांच्याइतकीच धडपडले आहे. यांच्यापेक्षा जास्तच.

आता मंडळाबद्दल दोन शब्द. सूक्ष्म रेल्वे मित्रमंडळ असं त्याचं नाव. सभासद सात, सगळे निवृत्त, सगळ्यांच्या बायका हयात आणि थकलेल्या. हे लोक एकमेकांना नावाने हाक मारत नाहीत. ज्याची गाडी जितकी पट लहान, तो आकडा हेच त्याचं नाव. अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत, ते 'दोनशेवीस'. औषधांच्या दुकानाचे मालक 'एकशेसाठ'. एक साधे सरळ गृहस्थ अजून जुनीच गाडी चालवतात, जी चष्म्याशिवाय दिसते, ते 'सत्त्याऐंशी', आणि त्यांना बैठकीत दाराजवळची खुर्ची मिळते. चहासुद्धा मोठ्या आकड्यापासून सुरू होतो. जन्मभर ज्यांनी ऑफिसात मोठं होण्यासाठी जिवाचं रान केलं, ते आता लहान होण्यासाठी करतायत, बाकी स्वभावात काडीचा फरक नाही. आपले बंधू 'साडेचारशे' झाले त्या दिवशी दोनशेवीस यांनी त्यांना मिठी मारली, पण चेहरा दात उपटल्यासारखा होता. मला अर्थात आकडा नाही. मी वहिनी.

बरं, लहान होण्याचेही त्रास असतात. साडेचारशेच्या मापात फलाटावरचा माणूस साधारण मुंगीएवढा होतो. ही गोष्ट मुंग्यांच्याही लक्षात आली. यांनी माणसं चिकटवायला साखर घातलेला डिंक वापरला आणि तिसऱ्या दिवशी दुसऱ्या स्टेशनावर एवढी गर्दी झाली की पुष्कळ वर्षांत झाली नसेल. त्यातल्या काहींनी स्टेशनमास्तरला उचलून बाल्कनीच्या दिशेने नेलं. हे भिंगातून बघत होते, मी औषध मारायला निघाले तर मला थांबवलं, म्हणाले, थांब, चालण्याचा वेग बघ, अगदी बरोबर आहे. मग तारायंत्राच्या तारांचा प्रश्न आला. खांबांवरून ओढायला इतकी बारीक तार बाजारात नाही. कोणीतरी सुचवलं केस वापरा. यांनी माझा एक केस मागितला, मी प्रेमाने उपटून दिला. यांनी तो मोजायच्या यंत्रात धरला, आकडेमोड केली आणि म्हणाले, हा खऱ्या मापात अंगठ्याहून जाड होतो, हा केस नाही, जहाजाचा दोरखंड आहे. वहीत तसं लिहूनही ठेवलं. वर म्हणाले, ताईचा केस कसा असतो बघ, विरळ, मऊ, असून नसल्यासारखा. वन्सं, यात तुमचा अपमान झाला की माझा, हे मी अजून ठरवू शकले नाही.

खरी अडचण होती डबे एकमेकांना जोडण्याची. इतक्या लहान डब्याला आकडा लावायचा तर तो खसखशीपेक्षा बारीक लागतो. यांनी तीन महिने लोखंडी आकडे केले. ते वळणावर सुटायचे, मागचे दोन डबे बाल्कनीत राहायचे आणि इंजिन एकटंच स्वयंपाकघरात यायचं. लोहचुंबक लावून पाहिले, तर डबे एकमेकांपासून सुटेचनात आणि शिवाय माझी टाचणी उडून गाडीला चिकटली. यांचे हात आता कापतात, वन्सं. ते तुम्हाला सांगणार नाहीत, पण कापतात. एका सकाळी भिंगाखाली वाकून वाकून यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि हे म्हणाले, आता जमायचं नाही बहुतेक. मला खोली हवी होती हे खरंच, पण त्या वेळी मला खोलीची आठवण झाली नाही. हुक अडकवायला आपण कापडावर दोऱ्याचा बारीक फास करतो ना, तोच मी केला. रेशमाच्या दोऱ्याचा एक तंतू सोडवला, प्रत्येक डब्याला पुढे एक फास, मागे एक गाठ. बावीस वर्षं हेच केलं आहे, डोळे मिटूनही येतं. पहिल्याच फेरीत गाडी न सुटता स्वयंपाकघरापर्यंत आली. हे म्हणाले, लवचिक जोडणी. लगेच नाव ठेवून मोकळे. तिसऱ्या स्टेशनावर, जिथे इंजिन पाणी घ्यायचं आणि जिथे तुमची रिबीन हरवली होती असं तुम्ही फोनवर सांगितलंत, तिथे फलाटाच्या कडेला मी लाल दोऱ्याचा एक तंतूही ठेवला. हे रोज भिंग लावून आधी ती रिबीन बघतात आणि मग गाडी सोडतात. (तुमच्या फोनमुळे इंजिनाच्या त्या एका पाण्याच्या नळापायी स्वयंपाकघरातला माझा कट्टा आठ बोटं कापला गेला, हेही जाता जाता लक्षात असू द्यावं.)

तर पूर्ण फेरीचा दिवस ठरला. गेल्या रविवारी, सकाळी अकराला. मंडळ सगळंच्या सगळं आलं, खिशात आपापलं भिंग. मंडळाचा नियम असा, की एकदा गाडी सुटली की ती पोचेपर्यंत कोणीही हात लावायचा नाही, बोलायचं नाही, खोकायचं असेल तर जिन्यात जायचं. चहा मी आधीच उरकून घेतला. गाडी सुटली. सात माणसं गुडघ्यांवर रांगत तिच्यामागून निघाली, मिनिटाला एक मीटर आणि वर चार बोटं. दोनशेवीस पुढे, सत्त्याऐंशी शेवटी. मी पॅसेजमध्ये उभी राहून मनातल्या मनात खोलीत आरसा कुठे लावायचा ते ठरवत होते.

आता लक्ष देऊन वाचा, आणि हे तुमच्या-माझ्यात राहू द्या. त्या बँकेतल्या बाईंचा कोट मला साडेबाराला द्यायचा होता, दोन वाजता त्यांची महत्त्वाची बैठक होती. शिवून तयार होता, कॉलरला इस्त्री तेवढी राहिली होती. मशीन पॅसेजमध्ये, म्हणून टेबल पॅसेजमध्ये, म्हणून इस्त्रीही पॅसेजमध्ये. इस्त्रीने कंप होत नाहीत, तेव्हा तिला मनाई नव्हती. चपलांच्या कपाटाखाली एक बोर्ड आहे, त्यात तीन काळे प्लग होते. मी त्यातला एक काढला आणि इस्त्रीचा लावला. कॉलर नीट केली, खांदे नीट केले, बाई आल्या, घालून पाहिला, आरशापाशी थोडं बोलणं झालं, बाई गेल्या. मी इस्त्री काढली आणि पहिला प्लग परत लावला. तो रेल्वेचा होता.

गाडी त्या वेळी स्वयंपाकघरात तिसऱ्या स्टेशनावर पाणी घेत उभी होती. वेळापत्रकाप्रमाणे तिथे अकरा मिनिटं थांबायचंच असतं, म्हणून वीज गेल्याचं कोणाला कळलं नाही. अकरा मिनिटं झाली. गाडी हलेना. हात लावायचा नाही, बोलायचं नाही. बारा झाली, वीस झाली, तीस झाली. शहाणी माणसं असती तर कोणीतरी बटण बघितलं असतं. पण हे सातही जण जन्मभर उशिरा येणाऱ्या गाड्यांची वाट बघत मोठे झालेले, त्यांना यात काही चुकतंय असं वाटलंच नाही. उलट त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरत गेलं. एकशेसाठ यांनी फलाटाकडे पाठ करून उगीच दूर रुळाच्या टोकाकडे नजर लावली. सत्त्याऐंशी फरशीवर बसले आणि त्यांनी खिशातून वर्तमानपत्र काढलं. सुटायच्या वेळेनंतर अडतीस मिनिटांनी मी प्लग लावला, गाडी हलकेच निघाली आणि दोनशेवीस यांनी डोळे पुसले. अखेरच्या स्टेशनात गाडी पोचल्यावर त्यांनी यांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, चाळीस वर्षं गाड्या बघतोय, पण उशीर कोणी दाखवला नव्हता, हा केलात कसा? तुमच्या बंधूंनी क्षणभर छताकडे पाहिलं. मग म्हणाले, ते जरा गुंतागुंतीचं आहे.

मंडळाने तिथल्या तिथे प्रमाणपत्र दिलं. छापील नमुना दोनशेवीस यांच्या बॅगेत असतोच. 'सूक्ष्म मापातील नवनिर्मितीसाठी: एक, डब्यांमधील लवचिक जोडणी. दोन, स्वाभाविक विलंब.' खाली साडेचारशे यांचं नाव. वन्सं, नवनिर्मिती दोन, आणि दोन्ही माझ्या. एक फास आणि एक इस्त्री. निघताना दोनशेवीस मला म्हणाले, वहिनी, चहा फार सुरेख होता. मला वाईट वाटलं. विनोदाने लिहीत नाही, खरंच वाईट वाटलं. यांनी निदान फासाबद्दल तरी एक वाक्य बोलायला हवं होतं. बोलले नाहीत. विसरले असतील असं मी म्हणते, म्हणजे मला राग आवरायला बरं पडतं.

पाहुणे गेल्यावर मी कागद काढला आणि खोली मागितली. यांनी चष्मा लावून तो पुन्हा वाचला आणि 'वेळेवर' या शब्दाखाली बोट ठेवलं. फेरी अडतीस मिनिटं उशिरा झाली. म्हणजे अट पुरी झाली नाही. मी म्हटलं, मग उद्या परत फेरी काढा. तर आता ते शक्य नाही, कारण मंडळाने उशिराला मान्यता दिली आहे आणि अध्यक्षांची इच्छा आहे की यापुढे प्रत्येक फेरीत तो ठेवावा. म्हणजे ही गाडी आता कधीही वेळेवर पोचणार नाही, आणि याला प्रमाणपत्र आहे. स्वतःच्या हाताने प्लग काढून मी माझी खोली घालवली. प्लगचं सांगावं, तर ते प्रमाणपत्र यांनी पलंगाच्या डोक्याशी लावलं आहे आणि झोपताना एकदा, उठल्यावर एकदा बघतात. दुपारी मी चपलांच्या कपाटाशी बसून गणवेशांना काजं करत होते, तर आतून यांची शीळ ऐकू आली. निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदा. कशी सांगणार?

म्हणून तुम्हाला विनंती. तुम्ही यांना महिनाभर तुमच्याकडे बोलावून घ्या. गुडघ्यांचं कारण सांगा, तुमचं ते ऐकतात. तेवढ्या दिवसांत मी रूळ उचलते, एकेक तुकडा आकडा घालून खोक्यात ठेवते, काही मोडणार नाही. मला दुसरं काही नको आहे. मला त्या गाडीशी काही देणंघेणं नाही, ती लहान असो की मोठी. मला फक्त माझी खोली हवी आहे.

तुमच्या मिस्टरांना नमस्कार. खोकल्यावर गरम पाण्याचा वाफारा बरा, तुमच्या न्हाणीघरातून गाडी जात नाही तोवर घेऊन टाकावा.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. १. इस्त्रीचं यांना कधीही कळता कामा नये. तुम्हीही कधी रागाच्या भरात बोलून जाऊ नका, तुमचा स्वभाव मला माहीत आहे.

ता. क. २. महिना पुरणार नाही, दीड महिना ठेवून घ्या. त्याचं असं झालं, की आरसा लावायला म्हणून मी परवा खोलीच्या भिंती मोजल्या. चारी बाजू मिळून तेरा मीटर भरल्या. सहज मनात आलं, गाडी आणखी निम्मी केली, नऊशे पट, तर ऐंशीचे चाळीस मीटर होतात, म्हणजे या एका खोलीला तीन वेढे आणि वर दाराशी एक मीटर. बाकी घर मोकळं. अंतर एक बोटभरही चोरायचं नाही. इतक्या लहान इंजिनात मोटर बसत नाही, म्हणून मंडळात कोणी तिकडे फिरकलेलं नाही. पण मोटर आत बसवायची कशाला? रुळाखालून दोरा ओढायचा. मशीनच्या एका बॉबिनवर चाळीस मीटर दोरा सहज मावतो आणि मिनिटाला किती ओढायचा ते मला यांच्यापेक्षा चांगलं कळतं. दोन डबे करून पाहिले. तांदळाचे दोन दाणे पुढेमागे ठेवावेत एवढा एक. चाललेसुद्धा. मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनाचा अर्ज सत्त्याऐंशींनी गुपचूप आणून दिला. (भला माणूस.) त्यात नावाच्या रकान्यात मी 'नऊशे' लिहिलं आहे. चहा कोण करणार या रकान्यात दोनशेवीस.

ता. क. ३. या पत्राच्या उत्तरासोबत तुमच्या कंगव्यातले आठ-दहा केस पाकिटात घालून पाठवा. रंग लावलेले नकोत, जाड होतात. रेशीम या मापात लोंबतं, केस ताठ राहतो. माझा केस दोरखंड आहे हे मी पुन्हा मोजून पाहिलं, यांचं बरोबर होतं. आणि रिबिनीचा रंग एकदा नीट आठवून कळवा. हे लाल म्हणतात, तुम्ही फोनवर निळी म्हणाला होतात असं मला आता वाटतं. यांच्या मापात तसली चूक खपून गेली, माझ्यात खपणार नाही.

ता. क. ४. शिलाईच्या मशीनची काळजी करू नये. ते पॅसेजमध्ये चपलांच्या कपाटाशीच बरं आहे. खोलीत आणलं की कंप होतात आणि गाडी रुळावरून घसरते.